ओल्या हवेतील ऊब

पौष महिन्यात निफाडकडे पारा सात-आठ अंशांवर उतरला, की वर्तमानपत्रांत शेकोट्यांची छायाचित्रे झळकू लागतात आणि कपाटांच्या तळाशी पडलेले स्वेटर रीतसर बाहेर निघतात. परंतु आषाढ-श्रावणात महाबळेश्वरचा पारा १७ ते २० अंशांच्या दरम्यान रेंगाळत असता ज्याला हुडहुडी भरते, त्याच्या गारठ्याची दखल घेण्यास कोणी राजी नसते. ‘एवढी कुठली थंडी पडली आहे?’ हा प्रश्न त्याला हमखास विचारला जातो, आणि तापमापक विचारणाऱ्याच्या बाजूने साक्ष देत असल्यामुळे त्या बिचाऱ्याला ओशाळून गप्प बसावे लागते. वास्तविक त्याची फिर्याद खरी असते. सौम्य आणि पावसाळी हवेत माणसाला जो गारठा छळतो, तो पाऱ्याच्या उंचीवर फारसा अवलंबून नसून वस्त्रातील ओल, अंगावरून जाणारा वारा आणि ज्याच्या-त्याच्या देहाची घडण या तिहींच्या संगनमताने उत्पन्न होतो.

या फिर्यादीचा निवाडा करावयाचा, तर शरीराचा उष्णतेचा जमाखर्च मांडला पाहिजे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस ताशी सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो, आणि घाट चढताना किंवा चिखलात वाकून भाताची लावणी करताना ही जमा तिप्पट-चौपट होते. वस्त्र या जमेत कवडीचीही भर घालत नाही. धाग्यांच्या फटींत अडकून राहिलेली स्थिर हवा खर्चाला आळा घालते, आणि वस्त्राची ऊब म्हणून जी आपण म्हणतो ती या हवेचीच करामत असते. १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी वस्त्राच्या या गुणाचे मोजमाप करण्यासाठी ‘क्लो’ नावाचे एकक सुचविले. २१ अंश तापमानाच्या, वारा जवळजवळ नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल इतके वस्त्र म्हणजे एक क्लो. आणि त्या काळच्या साहेबाचा सबंध पोशाख साधारण या मापात बसत असे. या हिशेबाने १८ अंशांच्या महाबळेश्वरात माणसाला त्याहून थोडेसेच अधिक लागावे. मात्र हा सारा हिशेब कोरड्या वस्त्राचा आहे, हे विसरता कामा नये.

वस्त्र भिजले की त्यातील हवेची जागा पाणी घेते, आणि पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट असते. शिवाय त्वचेलगतच्या प्रत्येक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी खर्ची पडतात. भिजलेला सुती सदरा आणि लेंगा पिळून पुन्हा अंगात घातला, तरी त्यात पाव किलो पाणी सहज शिल्लक राहते, आणि ते अंगावरच वाळवावयाचे म्हटले तर त्यासाठी १४५ किलोकॅलरी, म्हणजे स्वस्थ बसलेल्या देहाची जवळजवळ दोन तासांची मिळकत, वेचावी लागते. त्यातला काही हिस्सा भोवतालची हवा उचलते हे खरे. तरीही बहुतेक वसुली देहाकडूनच होते. दमट हवेत वाळण्याची ही क्रिया मंद चालते एवढेच, ती थांबत नाही. उलट दिवसभर रेंगाळल्यामुळे तगादाही दिवसभर चालू राहतो, आणि वारा सुटला की तो अधिकच कडक होतो. निफाडच्या कोरड्या, उन्हाच्या सकाळी यांपैकी काहीच घडत नाही.

सह्याद्रीच्या पावसाळी मुलखातील रयतेने हे गणित कधी मांडले नसेल, परंतु त्याचे उत्तर तिच्या नित्याच्या वापरात होते. लावणीच्या वेळी डोक्यावर घेतले जाणारे इरले पाहावे. बांबूच्या कामट्यांची जाळी विणून तिच्या दोन पदरांमध्ये पाने दाबून भरलेली असतात, आणि पालथ्या होडीसारखा त्याचा आकार वाकलेल्या बाईच्या मस्तकापासून कमरेपर्यंतचा भाग झाकून टाकतो. हात दोन्ही मोकळे राहतात. पुढची बाजू उघडी असल्यामुळे कष्टाने सुटलेला घाम आत कोंडत नाही. आणि पाऊस पाठीवर न पडता पानांवरून ओघळून जातो. ज्या कामात देहाची जमा मोठी आहे, तेथे ऊब पुरविण्याचे प्रयोजनच नाही, केवळ पाठ कोरडी राखली की पुरे, हे तत्त्व त्या कामट्यांच्या बांधणीत पुरते उतरले आहे.

धनगराची गोष्ट निराळी. त्याला मेंढरांमागे तासन्‌तास एका जागी उभे राहावे लागते, तेव्हा त्याला ऊबही हवी असते. ती घोंगडी पुरविते. दख्खनी मेंढ्यांची लोकर हाताने कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन सणगरांनी विणलेले हे जाडेभरडे कापड दुमडून, त्याची खोळ करून डोक्यावरून घेतले, की निथळणारे थेंब त्याच्या पृष्ठभागावरून घरंगळतात. लोकरीच्या तंतूचे बाह्य आवरण पाण्याच्या थेंबाला थारा देत नाही. तंतूचा अंतर्भाग मात्र हवेतील बाष्प आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांशापर्यंत शोषून घेतो आणि शोषताना थोडी उष्णता बाहेरही टाकतो. शिवाय तंतूला स्वाभाविक पीळ आणि लवचीकपणा असल्यामुळे ओली लोकर सुतासारखी अंगाला चिकटत नाही, व तिच्यातील हवा बऱ्याच अंशी टिकून राहते. भिजलेली घोंगडी जड होते, तिला वास येतो, ती लवकर वाळत नाही. परंतु भिजल्यावरही ऊब देणे हा जो गुण पावसाळी वस्त्रात सर्वांत मोलाचा, तो तिच्या अंगी भरपूर आहे.

नागर समाजाने रेनकोटाचा मार्ग पत्करला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि बाहेरच्या पाण्याचा चोख बंदोबस्त झाला. आतल्या पाण्याची वाट मात्र त्याच बंदोबस्ताने अडली. रेनकोट घालून दुचाकीवर जाणारा मनुष्य कचेरीत पोहोचतो तो आतून ओलाच, हा अनुभव सार्वत्रिक आहे. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनचा पदार्थ झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. ज्यातून बाष्प पार होईल परंतु थेंब शिरणार नाही, अशा महागड्या जाकिटांचा उगम त्यात आहे. तथापि बाष्प बाहेर पडावयाचे तर आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा पुष्कळ अधिक असावा लागतो. ३३ अंश तापमानाच्या ओल्या त्वचेपाशी तो सुमारे ५० मिलिबार असतो. शून्य अंशाच्या हवेत, ती बाष्पाने संपृक्त असली तरी, तो ६ मिलिबारच भरतो. महाबळेश्वरच्या १८ अंशांत तो २० वर जातो, आणि कोकणातल्या २७ अंशांच्या झडीत ३५ वर. म्हणजे आल्प्सच्या बर्फात जे जाकीट उत्तम श्वास घेते, तेच चिपळूणच्या पावसात गुदमरते, आणि त्यात जाकिटाचा दोष नसतो. आमच्या पावसात काखेखाली झडपा असलेला सैल रेनकोट किंवा साधी छत्री पुष्कळदा अधिक उपयोगी पडते, ती याच कारणाने.

आता देहाच्या घडणीविषयी. घरोघरी पावसाळ्यात पंख्याच्या बटणावरून जे वाद होतात, त्यांत दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात. उष्णतेची पैदास देहाच्या वस्तुमानावर आणि तिचा व्यय त्वचेच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने सडपातळ माणसे आणि लहान मुले लवकर गारठतात. त्वचेखालील मेद खर्च रोखतो, तर स्नायू जमा वाढवितात. स्त्रियांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या सामान्यतः लवकर आकुंचन पावत असल्यामुळे त्यांची बोटे आधी गार पडतात. वृद्धांमध्ये हे आकुंचन दुबळे होते आणि गारठ्याची जाणीवही उशिरा होते, म्हणून आजोबा काही बोलत नाहीत एवढ्यावरून त्यांना थंडी वाजत नाही असे समजू नये. रक्तक्षय किंवा थायरॉइडची मंदता असलेल्यांना सदैव गार वाटते. अशी तक्रार नव्याने उद्भवली असेल तर शालीआधी वैद्याचा सल्ला घ्यावा.

सवयीचा वाटाही लहान नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या तिएरा देल फ्वेगो या थंड, पावसाळी भूमीत चार्ल्स डार्विन १८३२ च्या अखेरीस गेला असता, गोरे खलाशी कपड्यांनिशी शेकोटीला खेटून बसूनही सुखावत नव्हते आणि दूर बसलेले उघडे रहिवासी घामाने निथळत होते, असे त्याने नमूद केले आहे. १९५८ साली शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. थंड रात्री त्यांची त्वचा गार पडत असे, पण अंगाला कापरे न भरता ते स्वस्थ झोपत, आणि त्याच अंथरुणात गोरे संशोधक कुडकुडत जागे राहत. थंड पाण्याचा वारंवार संपर्क आला की दचकणे आणि कापणे दोन्ही कमी होतात, हे तर सामान्य माणसालाही साधते. परंतु सवयीने कापणे कमी झाले म्हणजे उष्णतेचा व्यय थांबला असे नव्हे. अंगावर ओले वस्त्र ठेवून शरीर ‘तयार’ करण्याचा हट्ट त्यामुळे शहाणपणाचा ठरत नाही.

तात्पर्य, पावसाळी प्रवासाची तजवीज करताना पंचांग किंवा तापमान न पाहता आपले काम पाहावे. चालावयाचे असेल तर पातळ कपडे घालून किंचित गार वाटतच निघावे, आणि थांबताच घालण्यासाठी लोकरीचा एखादा जिन्नस प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवावा. जीनची जाड विजार भिजली की दिवसभर वाळत नाही, तेव्हा ती घरीच राहू द्यावी. अंगालगत सुताऐवजी पातळ लोकर किंवा लवकर वाळणारे कृत्रिम कापड असावे. मोज्यांची एक जास्तीची जोडी, डोके झाकण्याची सोय आणि मुक्कामी पोहोचताच ओले कपडे उतरविण्याची शिस्त, एवढ्याने बहुतेक गारठा टळतो. राहता राहिला तो शेजारचा माणूस. तो स्वेटर मागत असेल तर त्याच्यापुढे तापमापक धरू नये, कारण त्याच्या देहाचा जमाखर्च त्याच्याच दप्तरी असतो आणि तो तपासण्याचा अधिकार इतरांना नाही.