वजनं वाढली, दंड तेवढाच

जिम सुरू करून महिना झाला, उचलायची वजनं वाढली, पण दंड होता तेवढाच, अशी तक्रार मुलं करतात. यात काही बिघडलेलं नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेची हुकमत: असलेल्याच स्नायूतले जास्त तंतू एका वेळी कामाला लागतात. स्नायू भरलेला डोळ्यांना दिसायला बहुधा दोन-तीन महिने जातात. नेमके त्याआधीच कितीतरी जण सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

आठवड्यातून ३ दिवस पुरेत. बैठका, जोर, ओढण्याचा एखादा व्यायाम. आज १० जोर नीट निघाले, तर पुढच्या वेळी ११ काढायचे. छाती जमिनीजवळ जाते का, कंबर लोंबते का, हे कुणाला तरी बघायला सांगा. अर्धवट २० पेक्षा पूर्ण ८ बरे.

खरी मेख ताटात आहे. ६० किलो वजनाच्या माणसाला असा व्यायाम करताना दिवसाला साधारण ९० ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर वरणात ती जेमतेम ५-७ ग्रॅम, एका अंड्यात ६. म्हणजे नुसत्या वरण-भातावर भागत नाही. मोडाची उसळ, दही, शेंगदाणे, पनीर, अंडी किंवा मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, तीही स्वस्तात. भात-भाकरी मात्र तोडू नका, व्यायामाला बळ त्यातूनच मिळतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.