जोडे शिवणाऱ्या मामाचा भाचा



आपल्या दिल्लीला जशी लोकसभा आहे, तशी इंग्रजांच्या लंडनला पार्लमेंट आहे. तिथे डेव्हिड लॉईड जॉर्ज नावाचे एक खासदार होऊन गेले. ते 1890 पासून 1945 पर्यंत एकाच मतदारसंघातून निवडून येत होते. म्हणजे 55 वर्षे! आमच्या आजोबांनासुद्धा हे खरे वाटेना.

इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथली भाषा वेगळी, तिला वेल्श म्हणतात. डेव्हिडचा जन्म 1863 साली मँचेस्टरला झाला. वडील शिक्षक होते, पण डेव्हिड दीड वर्षाचा असतानाच ते वारले. मग आई लेकरांना घेऊन वेल्समध्ये आपल्या भावाच्या गावी आली. त्या गावाचे नाव एवढे अवघड आहे की माझी जीभच वळत नाही, म्हणून लिहीत नाही.

मामाचे नाव रिचर्ड लॉईड. ते जोडे शिवायचे. त्यांनी लग्नच केले नाही, बहिणीची मुले हीच आपली मुले मानली. घरात बेताचे असायचे. रविवारी प्रत्येक मुलाला अर्धे अंडे मिळायचे, तीच मोठी चैन, असे डेव्हिडने पुढे सांगितले आहे. (आमच्या घरी कोंबड्या आहेत, तरी अंडी बाजारलाच जातात.)

वकिलीच्या परीक्षेला फ्रेंच भाषा लागे. ती शिकवणार कोण? मामांना पण येत नव्हती. पण दिवसभर जोडे शिवून झाले की मामा पुस्तक घेऊन बसायचे, आधी स्वतः शिकायचे आणि मग भाच्याला शिकवायचे. मला सगळ्यात हेच आवडले. भाच्याने मामाचे लॉईड हे नाव आपल्या नावाला कायमचे जोडून घेतले.

वकील झाल्यावर त्यांच्याकडे एक खटला आला. खाणीत काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याची इच्छा होती की, मला माझ्या मुलीच्या शेजारी पुरा. पण त्याचा पंथ वेगळा, म्हणून पाद्री त्यांच्या रीतीने तिथे पुरू देईना. लॉईड जॉर्ज म्हणाले, कायदा तुमच्या बाजूने आहे, फाटक उघडा आणि पुरा! भांडण लंडनच्या कोर्टापर्यंत गेले आणि 1888 साली ते जिंकले. दोन वर्षांनी निवडणुकीत पण जिंकले, फक्त 18 मतांनी. म्हणून मोठ्या माणसांनी मत द्यायला गेलेच पाहिजे.

पुढे ते अर्थमंत्री झाले. म्हाताऱ्या माणसांना पेन्शन देण्याचा कायदा आधीच्या मंत्र्याने तयार करत आणला होता, तो पार्लमेंटमध्ये यांनी पार पाडला. 1 जानेवारी 1909 पासून 70 वर्षांवरच्या गरिबांना आठवड्याला 5 शिलिंगपर्यंत पेन्शन पोस्टात मिळू लागली. आमच्या आजीला पण पेन्शन मिळते. पैसे हातात आले की ती त्या दिवशी कोणाचे ऐकत नाही.

1916 साली ते पंतप्रधान झाले. मामा तेव्हा जिवंत होते! दोन-तीन महिन्यांनी वारले, पण त्यांनी पाहिले.

आता एक गोष्ट मला आवडली नाही. जालियनवाला बागेत 1919 साली गोळीबार झाला तेव्हा पंतप्रधान हेच होते. 1922 साली ते म्हणाले की, हिंदुस्थानचा कारभार म्हणजे इमारत आणि इंग्रजी नोकरशाही तिचा पोलादी सांगाडा. आपल्या वेल्श भाषेचा एवढा अभिमान, मग आपल्या लोकांचे मन यांना का कळले नाही?

त्यांच्या पत्नीचे नाव मार्गारेट. 1907 साली त्यांची थोरली मुलगी मेर 17 वर्षांची असताना वारली. धाकटी मेगन 1929 साली खासदार झाली, वेल्समधली पहिली बाई खासदार. तेव्हा बाप, लेक आणि मुलगा ग्विलिम असे एकाच सभागृहात बसत! मार्गारेटबाई 1941 साली गेल्या. मग 80 वर्षांचे असताना त्यांनी आपल्या सेक्रेटरीशी लग्न केले. मेगनला ते मुळीच आवडले नाही.

26 मार्च 1945 रोजी ते वारले. त्यांना लंडनला नाही, मामाच्या गावीच नदीकाठी पुरले आहे. लहानपणी ते ज्या मोठ्या दगडावर बसायचे, तो दगड तिथे ठेवलेला आहे.