बंद पडलेली पिकअप

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात किंवा गावात अशी एखादी गाडी तुम्ही नक्की पाहिली असेल. चाके जमिनीत रुतलेली, काचांवर धुळीचा थर, टपावर झाडाची वाळलेली पाने. शेळ्या तिच्या सावलीत बसतात आणि मुले तिच्यात बसून खोटीखोटी ड्रायव्हिंग करतात. मालेगावात आमच्या घरामागे लिंबाखाली अशीच एक पिकअप उभी होती. ती माझ्या चाचांची. १९९९ सालची, डिझेलवर चालणारी, चार सिलिंडरची. चाचा तिच्यातून साइझिंगमधले सुताचे बीम यंत्रमागांच्या कारखान्यांत पोहोचवत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कारखाने थांबले आणि गाडीही थांबली. पुढे चाचांना दम्याने घेरले. ते एका कारखान्यात मुकादम म्हणून बसू लागले आणि गाडी तिथेच राहिली.

२०२५ च्या जानेवारीत त्यांची नोकरी सुटली. घरात दोन मुलींचे शिक्षण चालू होते. भंगारवाला येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेला. "चाळीस हजार देतो. पुढच्या शुक्रवारी क्रेन घेऊन येतो," असे त्याने सांगितले. चाचींच्या मते ते पैसे घेऊन मोकळे व्हावे. चाचा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी त्यांच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांना सगळेजण उस्ताद म्हणतात.

(जाता जाता एक गंमत सांगतो. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. 'चावी'ही तिथलीच. 'पेच' मात्र फारसीतला. गॅरेजमध्ये किती भाषा एकत्र काम करतात पाहा.)

मी उत्साहाने म्हणालो, "उस्ताद, दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून सेल्फ मारून पाहू या का?"

उस्तादांनी माझा हात धरला. "बेटा, पाच वर्षे झोपलेल्या माणसाला लाथ मारून उठवतात का?"

त्यांचे म्हणणे खरे होते. इंजिनात सिलिंडर नावाच्या नळीत पिस्टन वरखाली होतो. पिस्टनभोवती लोखंडी रिंगा असतात. त्या सिलिंडरच्या भिंतीला घासत चालतात. दोघांमध्ये तेलाचा पातळ पडदा असतो म्हणून त्या झिजत नाहीत. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे तेल हळूहळू खाली उतरते. भिंत कोरडी पडते. हवेतल्या ओलाव्याने तिच्यावर गंज चढतो आणि रिंगा तिथेच चिकटतात. अशा वेळी सेल्फ मारला तर रिंगा तुटतात, भिंतीवर ओरखडे पडतात. मग जे इंजिन थोड्या तेलाने सुटले असते, ते पूर्ण खोलावे लागते. बंद गाड्यांचे सर्वांत मोठे नुकसान बहुधा त्यांना पहिल्यांदा सुरू करण्याच्या घाईतच होते.

उस्तादांचा दुसरा नियम पैशाचा होता. जे हाताने आणि डोळ्यांनी कळते ते आधी पाहून घ्यावे, बाजारात नंतर जावे. इंजिन जाम असेल तर नवीन टायर घेऊन काय उपयोग?

म्हणून आम्ही फक्त बॉनेट उघडले. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी घर केले होते. घर कसले, महालच! आसपासच्या कारखान्यांतून ओढून आणलेले सुताचे तुकडे, चिंध्या, कागद, सगळे व्यवस्थित रचलेले. ते तसेच राहिले असते तर इंजिनाने पहिल्याच श्वासात ओढून घेतले असते. उंदरांनी दोन ठिकाणी वायरही कुरतडली होती. वायरींचा रंग पाहून उस्तादांनी त्या खडूने खूण करून ठेवल्या.

मग त्यांनी इंजिनाच्या डोक्यावरची चारही नोझले काढली. नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारी तोटी. त्या चार छिद्रांत प्रत्येकी दोन चमचे इंजिन ऑइल आणि थोडे डिझेल मिसळून ओतले, वर स्वच्छ कापडाचे बोळे लावले आणि ते हात पुसत म्हणाले, "आता दोन दिवस चहा प्या."

मला वाटले, हे काय काम झाले? पण ते दोन दिवस तेल आपले काम करत होते. रिंगा आणि भिंत यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत ते झिरपत होते.

तिसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून उस्तादांनी इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावला. हा नट फिरवला की आतला क्रँक फिरतो आणि पिस्टन हलतात. त्यांनी जोर लावला. काहीच हलले नाही. चाचा दाराच्या उंबऱ्यावर बसून पाहत होते. उस्तादांनी जोर वाढवला नाही. पाना थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे, असे ते करत राहिले. दहा मिनिटांनी पुली बोटभर सरकली. मग दोन बोटे. आणखी तेल ओतले. दुपारच्या नमाजानंतर पुन्हा सुरुवात झाली आणि अस्रच्या अजानच्या सुमारास पुलीने एक पूर्ण फेरी घेतली. चाचा उठले आणि आत जाऊन चाचींना म्हणाले, "भंगारवाल्याला नको म्हणून सांगा."

उस्तादांना हे आवडले नाही. "अजून काही सांगू नका. इंजिन फिरले म्हणजे चालले असे नाही," ते म्हणाले.

आता बाजारहाट झाला. नवी बॅटरी, इंजिन ऑइल, ऑइलचा आणि डिझेलचा फिल्टर, हवेचा फिल्टर, रबरी होज पाइप, फॅन बेल्ट. जुने ऑइल चेंबरमधून काढले तेव्हा आधी थोडे पाणी आले आणि मग काळे तेल. पाणी तेलापेक्षा जड असते, म्हणून ते तळाशी बसते. रेडिएटरमधून गंजाचे तांबडे पाणी निघाले. ते स्वच्छ येईपर्यंत आम्ही नळी लावून धुतले.

डिझेलची टाकी मात्र पाहण्यासारखी होती. टाकीत सात-आठ लिटर जुने डिझेल शिल्लक होते. उस्तादांनी त्यातले थोडे काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली कट्ट्यावर ठेवली. थोड्या वेळाने तीन थर दिसू लागले. वर डिझेल, खाली पाणी आणि दोघांच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत साय. टाकीत पाणी कोणी ओतले? कोणीच नाही. टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत हवा असते. रात्री गारवा पडला की त्या हवेतल्या वाफेचे दव होऊन ते तळाशी जाते. पाच वर्षांच्या रात्री मोजा! आणि ती साय म्हणजे जिवंत वस्ती. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काही जीवाणू आणि बुरशी वाढतात. त्यांचे अन्न डिझेल. ही साय फिल्टर बंद करते आणि पाणी पंप गंजवते. म्हणून टाकी खाली उतरवून ताज्या डिझेलने दोनदा खळबळून धुतली. एक लक्षात ठेवा: रिकाम्या टाकीजवळ विडी, काडी किंवा वेल्डिंग कधीही नेऊ नये. इंधनाची वाफ भरलेली रिकामी टाकी स्फोट घडवू शकते.

नोझले बसवण्याआधी उस्तादांनी स्टॉपरची तार ओढून ठेवली. ती ओढली की पंप डिझेल सोडत नाही. चार उघड्या छिद्रांवर जाड कापड टाकले आणि मला सांगितले, "आता मार सेल्फ." इंजिन भराभर फिरले आणि आपण ओतलेले जास्तीचे तेल छिद्रांतून कापडावर उडाले. हे तेल आत राहिले असते तर पिस्टनला वर यायला जागाच उरली नसती, कारण द्रव दाबला जात नाही. थोड्याच वेळात डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला. म्हणजे ताजे तेल इंजिनाच्या सर्व सांध्यांपर्यंत पोहोचले होते.

येथे डिझेल इंजिनाचे एक गुपित सांगायला हवे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने असा विचार केला की हवा खूप दाबली की ती तापते, मग ठिणगी हवीच कशाला? १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. आमच्या पिकअपसारख्या इंजिनात सिलिंडरभर हवा सुमारे विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली जाते. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या क्षणी नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडते आणि डिझेल आपोआप पेट घेते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तीच ही गोष्ट.

यावरून दोन गोष्टी कळतात. रिंगा चिकटलेल्या असतील तर हवा बाजूने निसटेल, ती तापणार नाही आणि इंजिन पेटणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे डिझेलच्या नळीत हवा असता कामा नये. नोझल उघडण्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या शंभर पटींहून जास्त दाब लागतो. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर त्याला दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. गाडीत डिझेल भरलेले, बॅटरी नवी, सेल्फ जोरात, तरी इंजिन ढिम्म! अनेक लोक इथेच हार मानतात.

म्हणून हवा काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा पेच सैल करून उस्ताद हातपंप दाबू लागले. आधी नुसता फस्स आवाज आला, मग फेस, मग बुडबुडे आणि शेवटी डिझेलची अखंड धार. धार आली की पेच घट्ट. मग नोझलांकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून थोडा वेळ सेल्फ मारला. नटांपाशी डिझेल पाझरले की ते आवळले. या वेळी त्यांनी मला दोन हात दूर उभे केले होते. इतक्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो आणि तशी जखम फार घातक असते.

सुरू करण्याआधी उस्तादांनी एक जाड फळी हवेच्या तोंडाजवळ ठेवली. का? सिलिंडरमध्ये तेल राहिले असेल किंवा पंप अडकलेला असेल तर इंजिन कधी कधी बेलगाम पळते. चावी फिरवली तरी थांबत नाही. मग फळीने त्याची हवा कोंडणे हाच उपाय असतो.

हीटर अर्धा मिनिट तापवला. सेल्फ मारला. दहा सेकंद. नाही. एक मिनिट थांबलो, कारण सेल्फची मोटर सतत फिरवली तर जळते. पुन्हा दहा सेकंद. एक ठोका पडला, मग गप्प. तिसऱ्यांदा पिकअप थरथरली, पांढऱ्या धुराचा लोट निघाला, लिंबावरचे कावळे उडाले आणि इंजिन चालू लागले! शेजारची पोरे टाळ्या वाजवत धावली. चाचांना धुराने खोकला आला, तरी ते हलले नाहीत.

पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. इंजिन तापल्यावर तो कमी झाला, पण एक ठोका अडखळत होता. उस्तादांनी एकेका नळीचा नट क्षणभर सैल करून पाहिला. पहिला सैल करताच इंजिन लंगडले. दुसऱ्यालाही तसेच. तिसऱ्याला मात्र आवाजात काही फरक पडला नाही. जो काम करत नाही त्याला सुट्टी दिली तर कळणार कसे? तिसरे नोझल पंपाच्या दुकानात दुरुस्तीला गेले.

गाडी सुरू होणे सोपे, थांबणे अवघड. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि आतून लोखंड गंजवते. चारपैकी तीन चाकांचे ब्रेक अडकलेले निघाले. चारही चाकांची रबरे बदलली, नवे तेल भरले आणि इथेही हवा काढली. मी पेडल दाबायचो, उस्ताद चाकाशी पेच उघडायचे. क्लचची प्लेटही गंजाने चिकटली होती. मागची चाके घोड्यांवर उचलून, गाडी गिअरमध्ये चालवून, क्लच दाबून एकदम ब्रेक मारल्यावर ती सुटली. टायर चिरलेले होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ते एकदा पाहून ठेवा. आमच्यावर २३१४ होते, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. ते टायर बदलावेच लागले. दिवे, वायपर, हॉर्न ही किरकोळ कामे दोन दिवसांत झाली.

सगळे मिळून ५२ हजार खर्च आला. त्यातले काही चाचींच्या बचतीचे होते. शेवटी विमा काढून गाडी योग्यता तपासणीला नेली. ८ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला हे प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते. पहिल्या खेपेला हातब्रेक कमी पडला म्हणून परत पाठवले. उस्तादांना राग आला, पण निरीक्षकाचे बरोबर होते. केबल बदलून दुसऱ्या खेपेला प्रमाणपत्र मिळाले.

मार्चमध्ये पहिले भाडे लागले. सहा बीम, साइझिंगपासून कारखान्यापर्यंत. आता शुक्रवारी कारखाने बंद असले आणि भाडे नसले, तरी चाचा गाडी बाहेर काढतात आणि मनमाडच्या रस्त्याने अर्धा तास फिरवून आणतात. इंजिन नीट तापले म्हणजे आत जमलेला ओलावा वाफ होऊन निघून जातो, असे उस्तादांनी त्यांना सांगितले आहे. परत आल्यावर टाकी भरून ठेवतात आणि फिल्टरचे झाकण उघडून उंदीर आले नाहीत ना, हेही पाहतात.