झाडाला बांधलेली बोट

जगाचा नकाशा समोर घ्या आणि पेन्सिलीचं टोक दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ठेवा. चिली देशाच्या कडेकडेनं ते खाली आणत चला. बराच वेळ किनारा सरळ जातो, कंटाळा येईल इतका सरळ. मग पुएर्तो माँत नावाचं बंदर येतं आणि तिथून पुढे पेन्सिल कुठे न्यावी तेच कळत नाही. बेटं, बेटांच्या मागे आणखी बेटं, त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या पाण्याच्या वाटा, आणि थेट डोंगरांच्या पोटात घुसलेले समुद्राचे लांबलचक फाटे. पुएर्तो माँतपासून अगदी तळाच्या केप हॉर्नपर्यंत सरळ रेषेत अंतर आहे सुमारे १६०० किलोमीटर. पण प्रत्येक वळण धरून किनारा मोजायला बसलात, तर आकडा कितीतरी पटींनी वाढेल.

ही सगळी करामत बर्फाची. साधारण २०,००० वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, हे डोंगर प्रचंड हिमनद्यांखाली होते. हिमनदी सरकते ती अगदी सावकाश, पण तिच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक खरवडत जातात. हजारो वर्षं हे खरवडणं चाललं आणि खोल, उभ्या भिंतींच्या दऱ्या तयार झाल्या. पुढे पृथ्वी उबदार झाली, बर्फ वितळला, जगभरच्या समुद्रांची पातळी सुमारे १२० मीटर वर चढली आणि पाणी त्या दऱ्यांमध्ये शिरलं. अशा बुडालेल्या दरीला फियोर्ड म्हणतात. तिच्या भिंती उभ्या असतात, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

दरवर्षी काही हौशी माणसं छोट्या शिडाच्या बोटी घेऊन या किनाऱ्यावर येतात. दहा-पंधरा मीटर लांबीची बोट, आत दोन-चार जण. दिवसच्या दिवस वाटेत गाव नाही, दुकान नाही, रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. दिवसा प्रवास करायचा आणि अंधार पडायच्या आत रात्रीच्या मुक्कामाची जागा गाठायची. सगळी कसोटी असते ती या मुक्कामात. आडोशाच्या छोट्याशा खाडीला तिथले लोक ‘कालेता’ म्हणतात. चांगली कालेता ओळखणं ही मला या साऱ्या प्रवासातली सगळ्यात सुंदर विद्या वाटते.

पण आडोसा एवढा कशासाठी लागतो?

पृथ्वीगोलावर ४० ते ६० अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात हाताचं बोट फिरवून बघा. जमीन जवळजवळ नाहीच, सगळा समुद्र. तिथे पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला अडवायला कुणी नाही. तो पृथ्वीला वळसा घालत सुसाट सुटतो आणि त्याच्या वाटेत जी थोडी जमीन येते, तिच्यातच दक्षिण अमेरिकेचं हे शेपूट मोडतं. म्हणून केप हॉर्नचं नाव काढलं की भलेभले खलाशी गंभीर होतात. आपल्या माणसांनीही हे टोक ओलांडलंय बरं का! गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. जानेवारी २०१८ मध्ये गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली केप हॉर्न पार केलं. त्या बाहेरून, खुल्या समुद्रातून गेल्या. आपण मात्र आत, बेटांच्या आड वळणार आहोत.

आत लाटा कमी असतात. वारा मात्र आतही गाठतो, आणि तोही विचित्र पद्धतीनं. फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्याचं दार उघडल्यावर गार हवा खाली उतरते आणि पायांना लागते, हे तुम्ही अनुभवलं असेल. गार हवा जड असते, म्हणून ती खाली पडते. आता कप्प्याच्या जागी शेकडो मीटर उंच डोंगर आणि त्यावरची हिमनदी ठेवा. तिथे साचलेली गार, जड हवा एकदम उतारावरून कोसळते. पलीकडून आलेला वादळी वाराही डोंगर ओलांडून तसाच खाली आदळतो. या झोताला खलाशी ‘विलीवॉ’ म्हणतात. त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. पाणी शांत असतं आणि दुसऱ्या क्षणी समोरून पांढऱ्या तुषारांची भिंत धावत येते. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस जोशुआ स्लोकम १८९६ मध्ये आपली ‘स्प्रे’ ही बोट घेऊन जवळच्याच मॅगेलनच्या सामुद्रधुनीत आला, तेव्हा त्यालाही या विलीवॉंनी झोडपून काढलं होतं.

आता सांगा, अशा ठिकाणी रात्री झोपायचं कसं?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, नांगर टाकायचा! पण नांगर काम कसा करतो ते आधी समजून घेऊ. दहा टनांच्या बोटीचा नांगर असतो पंचवीस-तीस किलोंचा. नुसत्या वजनावर तो बोट धरूच शकणार नाही. तो धरतो रुतून. त्याचा फाळ समुद्राच्या तळावरच्या चिखलात किंवा वाळूत घुसतो आणि बोटीनं जितकं ओढावं तितका आणखी खोल जातो. अट एकच, ओढ आडवी हवी. साखळी वरच्या दिशेनं ओढली गेली की फाळ उचकटून बाहेर येतो. म्हणून साखळी भरपूर लांब सोडतात, पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट. पाणी १० मीटर खोल असेल तर ५० मीटर साखळी.

आणि आता त्या उभ्या भिंती आठवा. फियोर्डमध्ये काठापासून थोडं दूर गेलं तरी पाणी ३० मीटर खोल, आणखी पुढे शंभराच्या वर. ३० मीटरला १५० मीटर साखळी लागेल, तेवढी बोटीवर नसते. समजा असली, तरी वारा फिरेल तशी बोट त्या साखळीभोवती १५० मीटरचं रिंगण घालील आणि कुठेतरी खडकावर जाऊन आपटेल. तळही उतरता असतो. नांगर त्यावरून घसरत खोल पाण्याकडे निघाला, तर मग धरायला काहीच उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे झाड! काठाच्या जवळ आल्यावर नांगर टाकायचा, बोटीची पाठ किनाऱ्याकडे वळवून ती मागे मागे न्यायची. मग एकानं छोट्या रबरी होडीत बसून दोराचं टोक घ्यायचं आणि जोरजोरात वल्हवत काठ गाठायचा. हे दोर शंभरेक मीटर लांब असतात आणि पाण्यावर तरंगतील अशा धाग्याचे, म्हणजे बोटीच्या पंख्यात अडकण्याची भीती कमी. काठावरच्या निसरड्या दगडांवरून वर चढायचं, चांगलं जाड बुंध्याचं झाड शोधायचं, त्याला दोर बांधायचा आणि परत यायचं. मग दुसरा दोर. हवामान बिघडणार असेल तर तिसरा आणि चौथाही. या सगळ्यात विलीवॉ आला तर रबरी होडीतल्या माणसाची काय तारांबळ उडत असेल, कल्पना करा. पण एकदा चारही बाजूंनी दोर ताणले की बोट जागची हलत नाही.

झाडांचा उपयोग एवढाच नाही. ती वाऱ्याची बातमीही देतात, आणि मला तर हा भाग फार आवडतो. ज्या काठावर रोज वारा झोडपतो तिथली झाडं बुटकी, एका अंगाला कललेली असतात. वाऱ्याकडच्या फांद्या वाढतच नाहीत, सगळा पसारा एकाच बाजूला. अशा झाडांसमोर मुक्काम करायचा नाही! जिथे झाडं सरळ, उंच आणि चारही बाजूंनी भरलेली दिसतील तिथे वारा क्वचितच पोचतो. एखादा दिवस वारा पडलेला असू शकतो, हवामानाचा अंदाज चुकू शकतो; झाड मात्र शंभर वर्षांचा हिशेब अंगावर घेऊन उभं असतं. बीगल खाडीतली कालेता ओया याचं नामी उदाहरण आहे. तिथे बोटी काठावरच्या रानाला अगदी चिकटून बांधतात. वर झाडांच्या शेंड्यांतून वारा गरजत जातो आणि खाली बोटीत चहाचा कप सांडत नाही.

बीगल खाडी! हे नाव ओळखीचं वाटतंय? चार्ल्स डार्विन ज्या जहाजातून जगप्रवासाला निघाले तेच हे ‘बीगल’. या सुमारे २४० किलोमीटर लांबीच्या पाण्याच्या वाटेला त्याच जहाजाचं नाव आहे. तिच्या पश्चिमेकडच्या फाट्यात ओळीनं हिमनद्या उतरतात आणि त्यांना देशांची नावं आहेत: हॉलंड, इटली, फ्रान्स, जर्मनी. काहींचा बर्फ निळा दिसतो, कारण दाबून दाबून घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो आणि निळा रंग तेवढा बाहेर पडतो. जवळच्या पाण्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे तडतड आवाज करतात. बर्फात फार पूर्वी कोंडलेल्या हवेचे बुडबुडे फुटत असतात ते!

पण हिमनदीच्या फार जवळ जायचं नाही, आणि याचा धडा खुद्द डार्विननी घेतला. २९ जानेवारी १८३३ रोजी ते, ‘बीगल’चे कप्तान फिट्झरॉय आणि खलाशी छोट्या होड्यांतून इथे आले होते. होड्या काठावर ओढून मंडळी जेवायला बसली. तेवढ्यात समोरच्या हिमनदीचा भलामोठा कडा पाण्यात कोसळला आणि त्यानं उठवलेली लाट थेट काठाकडे निघाली. जहाज होतं खूप दूर. होड्या गेल्या असत्या तर अन्नाशिवाय, मदतीशिवाय सगळे तिथेच अडकले असते. डार्विन आणि दोन-तीन खलाशी धावले आणि लाट फुटायच्या आत त्यांनी होड्या घट्ट धरल्या. डार्विन तेव्हा जेमतेम २३ वर्षांचे होते. दुसऱ्याच दिवशी फिट्झरॉयनी पुढच्या रुंद पाण्याला डार्विन साउंड असं नाव दिलं, ते आजही नकाशावर आहे.

डार्विनना इथे आणखी एका गोष्टीनं वेड लावलं. केल्प. हे तपकिरी समुद्रशेवाळ तळाच्या खडकाला धरून वर वाढतं. त्याच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेचा एक फुगा असतो, त्यामुळे ते पाण्यात उभं राहतं. अनुकूल पाण्यात दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढतं! त्याच्या रानात मासे, खेकडे, शिंपले असं सगळं गोकुळ नांदतं. खलाशांना ते दोन गोष्टी सांगतं. केल्प दिसलं म्हणजे खाली खडक आहे, दूर राहा. आणि केल्पच्या मागचं पाणी शांत असतं, कारण लाटांचा जोर ते मोडतं. तापही तितकाच देतं म्हणा. सकाळी नांगर वर ओढला की त्याला गुंडाळलेला केल्पचा भारा कोयत्यानं तोडत बसावं लागतं.

केल्पचं आणि आडोशाचं हे ज्ञान आजच्या खलाशांच्या हजारो वर्षं आधी यागान लोकांना होतं. ते या खाड्यांमध्येच राहायचे, झाडाच्या सालीच्या होड्यांमधून आई, बाबा, मुलं असा अख्खा संसार घेऊन फिरायचे. होडीच्या मधोमध वाळू-मातीचा थर देऊन त्यावर विस्तव पेटता ठेवायचे. सालीच्या होडीत विस्तव! इथल्या लोकांच्या अशा शेकोट्या युरोपातून आलेल्या मॅगेलनला १५२० मध्ये दुरून दिसल्या आणि त्यावरूनच या मुलखाला तिएरा देल फ्वेगो, म्हणजे अग्निभूमी, हे नाव पडलं. होडी वल्हवायचं काम बायकांचं. मुक्कामाला आल्यावर माणसं आणि सामान काठावर उतरलं की बाई होडी पुन्हा पाण्यात नेई, केल्पच्या जाड देठांना बांधून ठेवी आणि त्या बर्फगार पाण्यातून पोहत काठावर येई. खडकावर आपटून होडी फुटू नये म्हणून ही काळजी. नांगर नाही, साखळी नाही, पण आडोसा, खोली आणि लाट यांचा हिशेब अगदी पक्का. चांगल्या कालेतांच्या काठावर आजही गवतानं झाकलेले उंचवटे दिसतात. ते यागान लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग आहेत. बोट बांधायला आजच्या खलाशांना जी जागा पसंत पडते, तीच त्यांनाही पसंत होती. बाहेरून आलेल्या रोगराईनं आणि वसाहतींनी या लोकांची संख्या फार घटली. यागान ही ज्यांची मातृभाषा होती अशा शेवटच्या आजी, क्रिस्तीना काल्देरोन, २०२२ मध्ये ९३व्या वर्षी वारल्या. त्यांचे नातेवाईक आणि इतर यागान कुटुंबं आजही पुएर्तो विल्यम्स या गावाजवळ राहतात.

याच पुएर्तो विल्यम्समध्ये बोटी प्रवासाची तयारी करतात. चिलीच्या नौदलाकडून परवानगीचा कागद घ्यायचा, त्यावर जायचा मार्ग लिहायचा आणि पुढे रोज आपण कुठे आहोत ते कळवत राहायचं. गावात ‘मिकाल्वी’ नावाचं एक जुनं जहाज खाडीच्या गाळात टेकलेलं आहे. तोच धक्का आणि तोच क्लब. त्याला टेकून देशोदेशींच्या बोटी एकीला एक बांधलेल्या असतात. इथे गप्पा चालतात त्या कालेतांच्याच. जुने नकाशे उपग्रहांच्या आधी बनलेले, त्यामुळे बोटीतल्या नकाशाच्या पडद्यावर आपली बोट कधी कधी डोंगरावर चढलेली दिसते! मग कुणीतरी वही काढतं आणि पेन्सिलीनं खाडी रेखाटून दाखवतं. मारिओलिना रोल्फो आणि जॉर्जो आर्द्रित्झी या इटालियन दाम्पत्यानं बरीच वर्षं आपल्या बोटीतून हा किनारा धुंडाळला, एकेक कालेता मोजली, रेखाटली आणि त्याचं जाडजूड पुस्तक केलं. आता तिकडे जाणाऱ्या बहुतेक बोटींवर ते असतं. पाणी किती खोल, तळाला चिखल की खडक, केल्प कुठे, आणि दोर काठावर कुठल्या बाजूला न्यायचा, हे सगळं त्यातल्या चित्रांत काढलेलं आहे.