ऐकण्याचे वय आणि उसाचा हंगाम

'ताक' आणि 'टाक' या दोन शब्दांतील फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या शब्दात जिभेचे टोक दातांना भिडते, दुसऱ्यात ते मागे वळून टाळूला लागते. इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या प्रौढाला मात्र हे दोन्ही उच्चार बहुधा एकच वाटतात. त्याचे कान अधू असतात असे नव्हे. त्याच्या भाषेला या भेदाची गरजच पडलेली नसते. हा भेद ओळखण्याची शक्ती माणूस कष्टाने मिळवतो, की जन्मतः असलेली शक्ती पुढे गमावतो? कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर यांची संशोधनाची वाटचाल या प्रश्नापासून सुरू झाली.

एक महिन्याच्या अर्भकालाही 'ब' आणि 'प' वेगळे ऐकू येतात, हे पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखविले होते. वर्कर यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. रिचर्ड टीस यांच्यासह १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी इंग्रजी भाषक घरांतील बालकांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकविले. ध्वनी बदलताच बाळाने मान वळविली, तर त्याला उजळलेल्या पेटीत खेळण्यातील प्राणी हालताना दिसे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना हा परका भेद ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी भाषक घरांतील बालकांची शक्ती मात्र वर्षाच्या अखेरीसही शाबूत होती. तात्पर्य, मूल पहिला शब्द बोलू लागण्याच्या सुमारास त्याचे कान मातृभाषेच्या मापाने घडत आलेले असतात.

श्रवणदोष आणि काळाचे मोल

या निष्कर्षाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. ऐकू येणाऱ्या बालकाचे पहिले वर्ष जर इतके मोलाचे, तर जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाचे ते वर्ष वाया जाणे ही केवढी हानी! अमेरिकेतील क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की ज्यांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, त्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस होती. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, असा दंडक आता सर्वमान्य झाला आहे.

आपल्या देशात या क्षेत्रात काहीच झाले नाही, असे म्हणता येणार नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये, तर मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचाही समावेश आहे. तथापि या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदाच येतात.

अडचण नेमकी येथेच उद्भवते. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीची कुटुंबे घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तान्ही मुलेही आईबरोबर फडावर जातात. हंगामाच्या तोंडावर जन्मलेले मूल गावी परतते, तेव्हा दंडकातील सहा महिने बहुधा उलटून गेलेले असतात. बहिरेपणा डोळ्यांना दिसत नाही. मूल 'उशिरा बोलेल' या भाबड्या आशेवर आणखी दोन वर्षे सहज निघून जातात.

उपाय आवाक्याबाहेरचा नाही. कानात लहानशी नळी बसवून होणारी प्राथमिक चाचणी काही मिनिटांची असते. ती बाळंतीण घरी जाण्यापूर्वीच व्हावी, तिची नोंद माता-बाल कार्डावर असावी आणि शंकास्पद बालकाची फेरतपासणी साखर कारखान्याच्या तळावर व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार श्रवणसेवेवर खर्चलेल्या एका डॉलरमागे सुमारे सोळा डॉलरचा परतावा मिळू शकतो. याहून किफायतशीर गुंतवणूक आरोग्यखात्याला क्वचितच सापडेल. ऊस गाळपाचे वेळापत्रक टनांच्या हिशेबाने काटेकोरपणे आखणाऱ्या जिल्ह्याला आपल्या तान्ह्या मुलांच्या कानांचे वेळापत्रक पाळता येऊ नये, याला कोणतेही समर्थन नाही.