इंटरल्युकिन-१०: उंदरात पास, माणसात नापास
आतड्यात अब्जावधी जिवाणू नांदत असताना प्रतिकारशक्तीला आवर घालणारं हे प्रथिन. १९९३मध्ये त्याचं जनुक निकामी केलेल्या उंदरांना आतड्याचा जुनाट दाह जडला आणि संशोधकांनी कान टवकारले. मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून प्रथिन तयार केलं गेलं. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजाराच्या रुग्णांना त्याची इंजेक्शनंही दिली. गुण बेताचाच आला. मात्रा वाढवली, तर दाह भडकवणारं इंटरफेरॉन-गॅमाच वाढलं, म्हणजे आगीत तेल! दरम्यान बेल्जियममधल्या एका गटाने ताक-चीजमधल्या लॅक्टोकॉकस जिवाणूलाच हे प्रथिन आतड्यात स्रवायला लावलं. २००६मध्ये या जिवाणूच्या, नेदरलँड्समधल्या १० क्रोन्स रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण औषध म्हणून इंटरल्युकिन-१० काही रुळलं नाही. प्रयोगशाळेत दाहाच्या अभ्यासासाठी मात्र आजही वापरतात.