बास मासेमारी

बास मासेमारी हा गळाने मासे पकडण्याचा छंद असून तो प्रामुख्याने अमेरिकेत लोकप्रिय आहे. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातील शिकारी मासा यात मुख्य लक्ष्य असतो. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंस (सुमारे १०.१ किलो) वजनाचा बास पकडला. २००९ साली जपानमधील बिवा सरोवरात या विक्रमाची बरोबरी झाली.

तंत्र

बास पाणवनस्पती, बुडालेली झाडे व धक्के यांच्या आडोशाला दबा धरून बसतो. अशा ठिकाणी 'टेक्सास रिग' ही मांडणी वापरतात. तीत गळाचे टोक मऊ प्लास्टिकच्या आमिषात रुतवलेले असल्याने गळ वनस्पतींत सहसा अडकत नाही. वसंत ऋतूत मासे उथळ पाण्यात अंडी घालतात व नर घरट्याची राखण करतो. नर पकडला गेल्यास इतर मासे अंडी व पिल्ले खातात. म्हणून या काळात पकडलेला मासा त्याच जागी त्वरित सोडणे हिताचे ठरते.

लहान होडी

उथळ पाण्यासाठी सपाट तळाची 'जॉन बोट' सोयीची असते. मात्र दोघे एकाच काठाकडे झुकल्यास ती कलंडू शकते. त्यामुळे सामान तळाशी व मध्यभागी ठेवतात आणि मासा शक्यतो बसूनच ओढतात. थंड पाण्यात पडताच श्वासाचा ताबा सुटत असल्याने जीवरक्षक जाकीट आधीपासूनच अंगात असणे आवश्यक असते. चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी अंगाला जोडणे अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान अशा बहुतेक मोटारबोटींत बंधनकारक आहे.